कोरड्या ऋतूची नोंद

मृग लागण्याच्या दोन-तीन दिवस आधी जागतिक पर्यावरण दिन येतो. १९७२ साली ५ जूनला स्टॉकहोममध्ये मानवी पर्यावरणाची परिषद सुरू झाली, म्हणून ही तारीख ठरली. तिथल्या कोणाला आपल्या मृगाची कल्पना असण्याचे कारण नव्हते. पण इकडे भाषणे आटोपून सतरंज्या उचलेपर्यंत कोकणातल्या सड्यांवर पहिला पाऊस पोचण्याच्या बेतात असतो.

या दिवशी ज्याचा सत्कार सहसा होत नाही असा माणूस म्हणजे पर्यावरण सल्लागार. खाण, बंदर, महामार्ग काहीही उभारायचे, तर आघाताचा अहवाल तो लिहितो. जनसुनावणीत गावकऱ्यांच्या शिव्या खातो आणि मुंबईला परतताना प्रकल्पवाल्याचे फोन घेतो. या धंद्यातल्या तरुणांच्या गप्पांत हल्ली २३४३१२ हा आकडा येतो. ऑस्ट्रेलियाच्या व्यवसाय-यादीतला पर्यावरण सल्लागाराचा हा क्रमांक. व्हेटॅसेस या संस्थेकडून पदवी आणि अनुभव तपासून घ्यायचा, मग व्हिसासाठी गुणांची बेरीज. वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण, इंग्रजीचे वेगळे, अनुभवाचे वेगळे. किमान ६५ लागतात. बोलावणे येण्याची खात्री तेवढ्यावर नसते. पंचेचाळिशी गाठली की दार बंद.

ही मुले पैशासाठी जातात, असे म्हणून मोकळे होता येते. पैसा असतोच, त्यात लाज कसली? पण सॉफ्टवेअरवाला जातो आणि हा जातो, यात फरक आहे. संगणकाची भाषा पुण्यात आणि पर्थमध्ये एकच. याच्या विद्येला मात्र माती असते.

सड्याचेच बघा. जांभ्या दगडाचे हे पठार मे महिन्यात तव्यासारखे तापलेले असते. सातबाऱ्यावर ते बहुधा पोटखराबा. जूनच्या सरींबरोबर त्याच कातळाच्या फटींतून कोकणाबाहेर न सापडणारी दीपकाडी पांढरी फुले घेऊन वर येते. श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांनी सडा निळा-जांभळा होतो. आंबोलीच्या सड्यावर, शास्त्राला २००९ मध्ये ओळख झालेला एक छोटा टोड पावसाच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो; एरवी तो दगडाखाली दडलेला. दिवाळी सरली की पुन्हा सगळे चिडीचूप.

आता खाण प्रकल्पांसाठी केंद्राने ठरवून दिलेली प्रमाणित कार्यकक्षा वाचा. हवा, पाणी, आवाज, माती आणि वनस्पती-प्राणी यांची पायाभूत माहिती एका ऋतूची घ्यावी, आणि तो ऋतू पावसाळा सोडून. मार्च ते मे, ऑक्टोबर ते डिसेंबर किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी. धूळ मोजायला हे ठीक. पावसात धूळ काय मोजणार? पण तोच नियम फुलांना आणि बेडकांना लावला, की बॉक्साइटच्या खाणीसाठी एप्रिलमध्ये सड्यावर गेलेला सल्लागार प्रामाणिकपणे ‘विशेष वनस्पती नाहीत’ असे लिहितो. खोटे काहीच नाही. अप्रामाणिकपणाच करायचा, तर त्याला सड्यावर जाण्याचेही कष्ट लागत नाहीत: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या अहवालाचा मजकूर उतरला होता आणि कोकणात स्प्रूस-बर्चची झाडे उगवली होती.

सड्याचा पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला असा अहवाल लिहिताना काय वाटत असेल? तो पर्थला पोचला, की पश्चिम ऑस्ट्रेलियाची मार्गदर्शिका त्याच्या हाती पडते. नैऋत्य भागातली वनस्पती-पाहणी वसंतात, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर. पिलबारासारख्या कोरड्या प्रदेशात पावसाळा सरल्यावर सहा-आठ आठवड्यांनी. झाडे दिसतील तेव्हा झाडे मोजा, एवढी साधी गोष्ट. पण ती कागदावर आहे. ज्याला सड्याने हे शिकवले, त्याला तिथे ते वापरायला मिळते. सडा मात्र त्याच्या हातून सुटलेला असतो.

म्हणून तिकडे रामराज्य आहे असे नाही. अहवालाचे पैसे तिथेही प्रकल्पवालाच देतो. २०२० च्या मे महिन्यात पिलबारातल्या जुकन गॉर्ज इथल्या, ४६ हजार वर्षे मानवी वावराच्या खुणा असलेल्या गुहा लोहखनिजासाठी सुरुंगाने उडवल्या गेल्या, आणि परवानगी रीतसर होती. त्याच वर्षी ग्रॅहम सॅम्युअल यांनी तिथल्या १९९९ च्या राष्ट्रीय पर्यावरण कायद्याचा आढावा घेऊन तो कुचकामी ठरल्याचा निर्वाळा दिला. चांगल्या मार्गदर्शिकेने खाणवाला साधू होत नाही. पण तिथल्या सल्लागाराला निदान योग्य महिन्यात पाहणीला पाठवले जाते.

जाणाऱ्यांना देशप्रेमाचे धडे देण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कार्यकक्षेतल्या त्या महिन्यांकडे बघावे. सडा किंवा घाटमाथ्यावरचे पठार असेल, तर जून ते सप्टेंबरची वनस्पती-प्राणी पाहणी सक्तीची करायला संसदेत विधेयक आणावे लागत नाही; कार्यकक्षेतली एक ओळ बदलावी लागते. यंदाचा पाऊस त्यासाठी हातचा गेला. पुढच्या जूनपर्यंत वेळ आहे.