पिसांची टोपी कुणाची?

मी डहाणूकडची वारली. नोकरीमुळे ठाण्यात आले. लेक इथल्याच एका शाळेत सहावीला आहे. यंदा स्नेहसंमेलनात तिच्या वर्गाचा ‘आदिवासी नाच’ बसला. ड्रेपरीवाल्याकडून पिसांच्या टोप्या, पानांचे घागरे, पुठ्ठ्याचे भाले आले. तोंडाला काळा रंग आणि वर ‘झिंगालाला’. बाईंनी कौतुकाने तिला पुढच्या रांगेत घेतलं, ‘तू तर खरी आदिवासी!’ घरी येऊन ती म्हणाली, ‘आई, आपल्यात असं कोण नाचतं?’

कुणीच नाही. आमचा नाच तारप्यावरचा. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचं ते वाद्य. वाजवणारा मध्ये, बाकीचे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरतात आणि तारप्याला पाठ दाखवत नाहीत. बायका गुडघ्यापर्यंत लुगडं नेसतात. पिसं कुठून आली, देव जाणे. बहुधा जुन्या हिंदी सिनेमातून.

राज्यात २०११च्या जनगणनेत एक कोटीहून जास्त आदिवासी मोजले गेले. वारली, कातकरी, भिल्ल, गोंड, कोरकू, कोलाम. प्रत्येकाची बोली आणि देव वेगळे. शाळेत सगळ्यांना टोपी मात्र एकच.

त्याच शाळेच्या जिन्यात वारली चित्रं आहेत. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना पद्मश्री मिळाली, हे सामान्यज्ञानाच्या पेपरात येतं. पण लग्नात भिंतीवर चित्रांचा चौक लिहिणाऱ्या, त्यात पालघट देवी मांडणाऱ्या बायका आमच्याच घरातल्या आहेत, हे कुणाच्या गावी नसतं. आपण आदिवासी आहोत हे मुलांना वर्गात कळतं ते वेगळ्याच वेळी. शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचली जाते, जातीचा दाखला मागितला जातो, बाकीची मुलं वळून बघतात. मग पोरं आजीचा फोन आला की कोपऱ्यात जाऊन वारलीऐवजी मराठीत उत्तरं देतात. तिकडून आजी विचारते, पोर रागावली का?

शहरात मिसळायला हवं, इंग्रजी यायला हवं, असं लोक सांगतात. मलाही हवं आहे. सरकार आमच्या मुलांना शहरातल्या इंग्रजी निवासी शाळांत पाठवतं, त्यालाही माझी ना नाही. पण याद्या वर्गात वाचू नका, ते काम पालकांना बोलावून ऑफिसात होतं. आणि नाच बसवायचाच असेल तर पालघरहून तारपेवाला बोलवा, त्याला मानधन द्या. ड्रेपरीवाल्याचं बिल आपण चुकवतोच की.