कमरेला इन्सुलिन पंप, डोक्यावर मुकुट. ‘मिस अमेरिका’ निकोल जॉन्सनने पुढे काय केलं?

सप्टेंबर १९९८ मध्ये व्हर्जिनियाची निकोल जॉन्सन ‘मिस अमेरिका १९९९’ झाली. तिला १९९३ मध्येच टाइप १ मधुमेहाचं निदान झालं होतं. या प्रकारात शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही, ते बाहेरून घ्यावं लागतं. गोड खाल्ल्यामुळे हा आजार होत नाही, हेही इथेच सांगायला हवं! निकोल इन्सुलिन पंप वापरायची आणि तिने तो लपवला नाही. लग्न जमवताना मुलीचा मधुमेह लपवणारी घरं आपल्याकडे आजही आहेत.

या स्पर्धेच्या विजेतीला वर्षभर एका सामाजिक विषयावर बोलायचं असतं. निकोलने मधुमेह निवडला. पत्रकारिता ती शिकली होतीच. पुढे ‘डीलाइफ’ या मधुमेहावरच्या टीव्ही कार्यक्रमात ती दिसली, सार्वजनिक आरोग्यात डॉक्टरेटही मिळवली. मुकुटामुळे माइक मिळतो, विषयाची जाण मात्र अशी वेगळी कमवावी लागते.

अडचण पैशाची आहे. आरोग्यविषयक कार्यक्रमांना अनेकदा औषध आणि उपकरण कंपन्यांच्या जाहिराती असतात. पंप महागडा असतो. साध्या सिरिंजनेही इन्सुलिन घेता येतं, हे अशा कार्यक्रमांत किती वेळा सांगितलं जातं, तेवढं बघा.