तीनशे वीर आणि दोनशे जहाजे

इतिहासाच्या तासाला ग्रीक-इराणी युद्धांचा विषय निघाला की मुले रमतात ती थर्मोपिलीच्या खिंडीत. राजा लिओनिडास, त्याचे तीनशे स्पार्टन वीर आणि समोर झर्क्सिसची अफाट सेना! आपल्या मुलांना लगेच पावनखिंड आणि बाजीप्रभू आठवतात. ते स्वाभाविकच आहे. पण धडा तिथेच संपू नये, असे आम्हांला वाटते.

पावनखिंड लढली म्हणून महाराज विशाळगडावर पोहोचले. थर्मोपिलीची खिंड मात्र पडली, आणि इराणी सैन्याने पुढे येऊन अथेन्स जाळले. त्या खिंडीत अखेरपर्यंत थांबलेले थेस्पिया नगराचे सातशे सैनिक तर आपण विसरूनच जातो.

युद्धाचे पारडे फिरले ते त्याच वर्षी, इ. स. पू. ४८० मध्ये, सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत. आणि त्या विजयाची तयारी साधारण तीन वर्षे आधी, एका सभेत झाली होती. लॉरियनच्या खाणीत अथेन्सला भरपूर चांदी मिळाली. ती प्रत्येक नागरिकाला दहा-दहा द्राख्मा अशी वाटून टाकावी, असा विचार चालला होता. थेमिस्टोक्लीज म्हणाला, वाटू नका, जहाजे बांधा. लोकांनी हाती येणारा पैसा सोडला. हिरोडोटस जहाजांचा आकडा दोनशे देतो. एकेका जहाजावर सुमारे १७० वल्हेकरी लागत. त्यांत मोठा भरणा होता गरिबांचा, ज्यांना चिलखत घेणे परवडत नव्हते. अरुंद पाण्यात इराणी आरमाराची कोंडी झाली, आणि या वल्हेकऱ्यांनी बाजी मारली. पुढे अथेन्सच्या कारभारात गरिबांचा शब्द वजनदार झाला, त्याचे एक कारण हेच.

दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. ती चांदी खणणारे गुलाम होते. त्यांना सभेत मत नव्हते, स्त्रियांनाही नव्हते. आणि ज्या आरमाराने स्वातंत्र्य राखले, त्याच आरमाराच्या जोरावर अथेन्सने पुढे मित्रराज्यांना मांडलिक केले. इ. स. पू. ४५४ मध्ये सर्वांचा सामाईक खजिनाही डेलॉसहून अथेन्सला नेला. एकत्र उभारलेली शक्ती एकाच्या हाती गेली की काय होते, ते यातून दिसते.

खिंडीतले शौर्य मोठे खरेच. पण तसा प्रसंग आयुष्यात क्वचित येतो. दहा द्राख्मांचा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीपुढे, प्रत्येक संस्थेपुढे येतो : हाती आले ते वाटून घ्यायचे, की पुढच्यांसाठी काही उभारायचे? महाराष्ट्राबाहेरच्या कितीतरी मराठी शाळा लोकांच्या वर्गणीतूनच उभ्या राहिल्या. म्हणून विद्यार्थ्यांनी लिओनिडासबरोबर त्या अनाम वल्हेकऱ्यांचीही आठवण ठेवावी, आणि पालकांनी व विश्वस्तांनी त्या सभेची.