एम.एड.चा विषय वर्गात शोधा

सदर : खडू-फळा

एम.एड.ची सीईटी उरकून प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या, की जुन्या जालन्यात गांधी चमनपासून स्टेशनपर्यंत जिथे ओळखीचा शिक्षक भेटेल तिथे एकच विचारणा होते. "सर, स्पेशलायझेशन कोणतं घेऊ? प्रशासनच घेतलेलं बरं ना?" या 'बरं'मागे साधा हिशेब असतो. प्रशासनाचा पेपर पाठ करून निघतो, सीनियरकडे नोट्स तयार असतात आणि पुढेमागे केंद्रप्रमुख किंवा मुख्याध्यापक झालो तर उपयोग होईल, ही आशा. माझ्या मते हा हिशेब मुळातच चुकतो.

आधी रचना पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने एक वर्षाचं एम.एड. दोन वर्षांचं केलं. वाढलेल्या वेळेचा मोठा हिस्सा विशेषीकरण, क्षेत्रकार्य आणि लघुप्रबंध यांच्यासाठी आहे. विद्यार्थ्याने आधी टप्पा निवडायचा : प्राथमिक, की माध्यमिक-उच्च माध्यमिक. मग त्या टप्प्यातला विषय : अभ्यासक्रम, अध्यापन आणि मूल्यमापन; धोरण, अर्थकारण आणि नियोजन; व्यवस्थापन आणि प्रशासन; समावेशक शिक्षण; शैक्षणिक तंत्रज्ञान. तासांना ८० टक्के आणि क्षेत्रकार्याला ९० टक्के हजेरी हवी. नोकरीतला शिक्षक रजेची जुळवाजुळव करून इथवर पोहोचतो, आणि मग या दोन वर्षांचा गाभा दुसऱ्याच्या नोट्सवर सोडून देतो.

नोकरीचं गणितही लोक समजतात तसं नाही. बी.एड. महाविद्यालयात अध्यापन पद्धती शिकवायची असेल, तर त्या शालेय विषयातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी आणि एम.एड. ५५ टक्क्यांनी लागतं. वर नेट, सेट किंवा पीएच.डी. आहेच. म्हणजे एम.ए. मराठी किंवा एम.एस्सी. गणित नसेल, तर एम.एड.च्या कोणत्याही विशेषीकरणाने ते दार उघडत नाही. केंद्रप्रमुखाची वाट सेवाज्येष्ठता आणि विभागीय परीक्षेतून जाते, तीही प्रशासनाच्या पेपरावर अडलेली नसते. तेव्हा पदासाठी विशेषीकरण निवडण्यात फारसा अर्थ उरत नाही. निवडायचंच आहे, तर जो प्रश्न वर्गात आपल्याला रोज छळतो त्यासाठी निवडावं.

असे प्रश्न आपल्या जिल्ह्यात पायलीचे पन्नास. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती, जालन्याची ७१.५ टक्क्यांच्या आसपास. त्यामागचं एक कारण दरवर्षी डोळ्यांसमोरून जातं. दिवाळी आटोपली की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडकडचे ऊसतोडीचे कोयते मुकादमाची उचल घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. सोबत पोरंही जातात. हजेरीपटावर नाव राहतं, बाकावरची जागा रिकामी होते. शासनाकडे हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे. तरी हंगाम संपवून परत आलेल्या पाचवीच्या मुलाला नेमकं कुठून शिकवायला घ्यायचं, हे त्या कार्डावर लिहिलेलं नसतं.

हा एकच विषय घ्या आणि विशेषीकरण काय बदलतं ते पाहा. मूल्यमापनाचा अभ्यासक विचारेल : चार-पाच महिन्यांत हे मूल काय विसरलं आणि काय नवं शिकलं, हे मोजायची चाचणी कशी असावी? मोळ्या मोजणारं, उचलीचा हिशेब कानावर पडलेलं मूल गणितात खरंच 'ढ' असतं का? धोरणाचा अभ्यासक वसतिगृहाचा पैसा गावात कधी पोहोचतो, कोयते निघायच्या आधी की नंतर, हे तपासेल. प्रशासनाचा अभ्यासक दोन जिल्ह्यांतल्या शाळा एकमेकींना त्या मुलाची माहिती कशी कळवतात, हे पाहील. यातला प्रत्येक अभ्यास आपल्याच तालुक्यात, आपल्याच शाळेत करता येतो. प्रशासनाला माझा विरोध नाही, हेही यातून लक्षात यावं. त्यात स्वतःचा प्रश्न नसताना ते घेण्याला आहे.

भाषेचंही तसंच. जुन्या जालन्यात मराठी आणि उर्दू माध्यम शेजारी शेजारी नांदतं. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं. एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांत राबायला आलेल्या बिहार-उत्तर प्रदेशच्या कुटुंबांतलं मूल भोजपुरी घेऊन वर्गात येतं. पहिलीच्या बाईंना हे रोज निस्तरावं लागतं. त्या बाईंनी प्राथमिक टप्पा आणि अध्यापनशास्त्र निवडलं, तर त्यांच्या वर्गातूनच लघुप्रबंध उभा राहील.

समावेशक शिक्षण घेणाऱ्यांना मात्र एक इशारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आलं, आणि २०२४ मध्ये राज्याने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. ते वाचून अनेकांना वाटतं, एम.एड.ला हा विषय घेतला की झालं. तसं होत नाही. विशेष शिक्षक म्हणून नोंदणीसाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रमच लागतो. सर्वसाधारण एम.एड.मधला हा विषय आपल्या वर्गातलं प्रत्येक मूल समजून घ्यायला शिकवतो. त्यासाठी तो अवश्य घ्यावा. त्या पदांसाठी घेऊ नये.

आता दुसरी बाजू. विद्यार्थी चुकतात, पण महाविद्यालयंही त्यांना फारसं निवडू देत नाहीत. माहितीपुस्तिकेत पाच विषय छापलेले असतात. सत्र सुरू झाल्यावर कळतं की शिकवणारे दोनच विषयांचे आहेत. मग 'यंदा सगळ्यांनी हेच घ्या' असा निरोप येतो. म्हणून पर्याय भरण्याआधी महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. यंदा कोणते विषय प्रत्यक्ष शिकवले जाणार? त्या विषयाचा मार्गदर्शक कोण? मागच्या दोन-तीन वर्षांचे लघुप्रबंध पाहायला मिळतील का? तिसरं उत्तर सगळ्यांत बोलकं. शीर्षकं वर्षानुवर्षं तीच आणि फक्त तालुक्याचं नाव बदललेलं दिसलं, तर तिथे स्वतःचा प्रश्न घेऊन जाणाऱ्याची कुचंबणाच होणार. अशा वेळी रोजचा संभाजीनगरचा प्रवास पत्करलेला परवडतो.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०२५ च्या नियमावलीच्या मसुद्यात एक वर्षाचं पूर्णवेळ एम.एड. आणि नोकरदारांसाठी दोन वर्षांचं अंशकालीन एम.एड. मांडलं आहे. अंशकालीन वाट खुली झाली तर जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची मोठी सोय होईल. पण एका वर्षाच्या अभ्यासक्रमात प्रवेशानंतर विषय शोधत बसायला सवड राहणार नाही. प्रश्न घरूनच घेऊन जावा लागेल. ज्यांना येत्या वर्षी अर्ज भरायचा आहे, त्यांनी आत्तापासून एक वही ठेवावी आणि वर्गात जे अडलं ते त्या दिवशीच टिपून ठेवावं. दिवाळीपर्यंत त्या वहीत जो प्रश्न पुन्हा पुन्हा आलेला दिसेल, त्याला ज्या विषयात जागा मिळते ते विशेषीकरण घ्यावं. कोणाला विचारत फिरायची गरज नाही, मलासुद्धा.