संदर्भ कुठे गेला, साहेब?

सरकारी पत्रात 'विषय'च्या खाली 'संदर्भ' अशी एक ओळ असते. आपल्या खारेपाटातल्या शेतकऱ्याचं सगळं भांडण त्या ओळीवर उभं असतं, आणि ऑफिसं नेमकी तीच ओळ खातात.

उधाणाला बांध फुटतो, खारं पाणी शेतात शिरतं. शेतकरी ईमेल करतो. उत्तर नाही. स्मरणपत्र, परत स्मरणपत्र. मग कधीतरी उत्तर येतं, पण त्याच मेलला रिप्लाय म्हणून नाही. नवा कोरा मेल, सोबत स्कॅन केलेलं पत्र, आणि संदर्भात फक्त शेवटच्या स्मरणपत्राची तारीख. पहिला अर्ज गायब! कागदावर उशीर आठ-दहा दिवसांचा. तिकडे भाताचे दोन हंगाम बुडाले.

'सिस्टीमच तशी आहे' हे सांगू नका. सिस्टीम शहाणी आहे. प्रत्येक ईमेलला स्वतःचा ओळखक्रमांक असतो, जावक क्रमांकच म्हणा ना. रिप्लाय दाबलं की मूळ मेलचा क्रमांक 'इन-रिप्लाय-टू' आणि 'रेफरन्सेस' या पडद्याआडच्या ओळींत आपोआप चढतो. १९८२ च्या ईमेल मानकातही या ओळी होत्या. यूजनेट या जुन्या चर्चा-जाळ्याचा १९८७ चा नियम तर आणखी कडक: उत्तर असेल तर संदर्भ सक्तीचा, नवा विषय असेल तर संदर्भ लावायलाच बंदी. आणि २००९ चा नियम सांगतो, संदर्भांची यादी फार लांबली तर मधले क्रमांक गाळा, पण पहिला आणि शेवटचे दोन गाळायचे नाहीत. पहिला! हे लिहिणाऱ्यांनी आपली तालुक्याची ऑफिसं पाहिली नसणार, पण दुखणं बरोबर ओळखलं.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. राज्याचा २००५ चा दिरंगाईविरोधी कायदा म्हणतो, फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. पण दिवस मोजायचे कुठून? पहिली तारीखच पुसली तर कोणाला जाब विचारणार? म्हणून मी याला क्लार्कची चूक म्हणत नाही. ही सोय आहे, साहेबांची.

आता आपलंही बघा. दर वेळी नवा मेल टाकू नका, जुन्याच मेलखाली लिहा. कागदावर अर्ज असेल तर प्रत्येक स्मरणपत्रात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख टाका. उत्तरात ती नसेल तर दुरुस्त पत्र मागा, लेखी.

आणि अशी उत्तरं मूळ अर्जाच्या पोचेसह मला पाठवा. दोन्ही तारखा शेजारी शेजारी इथेच टाकतो.