बुलढाण्याचा सफरनामा कोण लिहिणार?

लोणारबद्दलचा कुठलाही प्रवासी ब्लॉग उघडा. उल्कापातातून तयार झालेले सरोवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटर, वय ५० हजार वर्षे, औरंगाबादहून गाडी केली तर एका दिवसात होते, पाणी सोबत ठेवा. खाली दैत्यसूदन मंदिराचे दोन फोटो आणि एक ड्रोनचा. दुसरा ब्लॉग उघडा. मजकूर जवळपास तोच, क्रम तेवढा वेगळा.

यातले वयच पाहा. ५० हजारांच्या आसपासचा आकडा जुन्या मोजणीचा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत हे विवर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचे निघाले. म्हणजे फरक दहापटीहून जास्त. तरी जुनाच आकडा फिरतो आहे, कारण एकाने लिहिले आणि बाकीच्यांनी उचलले. आम्ही सॉफ्टवेअरवाले हा रोग चांगला ओळखतो. कोणीतरी कधीतरी लिहिलेला कोड दहा प्रोजेक्टमध्ये चिकटवला जातो आणि मुळात तो बरोबर होता का, हे कोणी विचारत नाही.

अर्थात हे लिहिणारे लोक आळशी किंवा वाईट आहेत असे मुळीच नाही. त्यांचे गणित समजून घ्यायला हवे. लोकप्रिय ब्लॉगची कमाई तीन वाटांनी येते: पानावरच्या जाहिराती, वाचकाने त्या लिंकवरून हॉटेल बुक केले तर मिळणारे कमिशन, आणि हॉटेल किंवा पर्यटन खात्याने दिलेला पैसा किंवा फुकटचा मुक्काम. तिसऱ्या वाटेवर आता कायद्याची नजर आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसा किंवा फुकटची सोय घेतली असेल तर ते वाचकाला स्पष्ट सांगावे लागते. ते किती जण पाळतात, हे आपण रोज फोनवर पाहतोच.

आता या गणितात बुलढाणा बसवून पाहा. लोणारला एमटीडीसीचे निवासस्थान आहे, पण मोठ्या हॉटेलांची साखळी नाही, जवळ विमानतळ नाही, रात्रीच्या मुक्कामावर कमिशन देणारे फारसे कोणी नाही. मग लिहिणारा सकाळी येतो, कड्यावर उभा राहतो आणि जेवायला औरंगाबादला परत जातो. समृद्धी महामार्गावरून मेहकर आणि सिंदखेडराजाला उतरता येते. रस्ता झाला, लोक आले, पण थांबायचे कारण कोणी लिहून ठेवलेले नाही.

आपल्या जिल्ह्यात लांबून येऊन थांबलेला एक पाहुणा मात्र आठवतो. टिपेश्वरचा वाघ २०१९ मध्ये महाराष्ट्र-तेलंगणातून सुमारे १,३०० किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याचा सफरनामा गळ्यातल्या कॉलरने लिहिला.

गंमत म्हणजे चारशे वर्षांपूर्वी लोणारबद्दल अधिक कामाचे लिहिले गेले आहे. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाडच्या वर्णनात मेहकरजवळचे हे तळे येते. ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात, इथून काच आणि साबणाला लागणारा माल निघतो, त्यातून चांगला महसूल मिळतो, वर गोमुखातून झरा वाहतो, असे तो सांगतो. म्हणजे लोकांची श्रद्धा काय, पोट कशावर चालते आणि पाणी कुठून येते, या तिन्ही गोष्टी थोडक्यात आल्या. अकबराच्या दरबारातला एक मुसलमान कारभारी हिंदू तीर्थाचे नाव तिथल्या लोकांच्याच तोंडून नोंदवतो, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सफरनामा हा तर आपल्या घरातलाच लेखनप्रकार. इब्न बतूता १३२५ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी तँजियरहून निघाला आणि फिरत फिरत आपल्या शेजारी, दौलताबादला आला. तिथल्या गायक-गायिकांच्या बाजाराचे वर्णन त्याने केले आहे. बाजारात मशिदी आहेत आणि रमजानमध्ये तिथे तरावीह होते, असा बारकावाही दिला आहे. त्यानेही सगळे स्वतः पाहून लिहिले नाही. त्याच्या ग्रंथातला हिजाज आणि शामचा बराच मजकूर आधीच्या इब्न जुबैरच्या सफरनाम्यातून घेतलेला आहे. कॉपी-पेस्टचा रोग जुना आहे तर!

पण मला जास्त जवळची वाटते ती मुंबईची अतिया फैजी. १९०६ मध्ये ती शिक्षणासाठी लंडनला गेली. तिथून बहिणीला पाठवलेली तिची रोजनिशी लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापून येत होती. १९२१ मध्ये तिचे पुस्तक झाले. दूरवरच्या घरांत बसलेल्या मुली वाट पाहत वाचतील असा मजकूर, लिहिणारी त्यांच्यातलीच एक, आणि ठिकाण त्यांनी कधी न पाहिलेले. याला आज आपण ब्लॉगच म्हटले असते. तिची दुसरी बहीण, जंजिऱ्याची नाझली बेगम, हिनेही १९०८ च्या युरोप प्रवासाचे वर्णन लिहिले. शंभर वर्षांपूर्वी जे आपल्या बहिणींनी केले ते आज हातात स्मार्टफोन असून का होऊ नये?

आपल्या जिल्ह्यात लिहिण्यासारखे काय नाही? मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला खुदावंद खान महदवीने १५८२ मध्ये बांधलेली देखणी मशीद आहे. त्याच गावाजवळ १४३७ मध्ये बहमनी आणि खानदेशच्या फौजा भिडल्या होत्या. साखरखेर्ड्याला ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजाम-उल-मुल्कने मुबारिज खानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया घातला गेला. त्या विजयावरून गावाचे नाव फतेहखेर्डा पडले, पुढे लोकांनी जुनेच नाव ठेवले. तिथेही खुदावंद खानाने बांधलेली मशीद आहे. जिजाऊंचे सिंदखेडराजा तिथून फार लांब नाही. एकाच दिवसाच्या फेरीत जाधवांचा वाडा, निजामाची रणभूमी आणि महदवी सरदाराची मशीद बसते. ही फेरी आखून देणारा ब्लॉग मला मराठीत सापडलेला नाही, उर्दूतही नाही.

आणि जिथे बाहेरचा कॅमेरा येतो, तिथे तो कशासाठी येतो? पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, सर्व धर्मांचे लोक येतात. व्हिडिओ बनवणाऱ्याला मात्र हवी असते ‘भुतांची यात्रा’. मानसिक आजाराने त्रासलेली बाई केस मोकळे सोडून घुमते आहे, तिचा चेहरा जवळून दाखवायचा, खाली भीतीदायक संगीत लावायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्या रुग्णाचा फोटो संमतीशिवाय माध्यमांना देण्यास मनाई केली आहे. दर्ग्याच्या आवारापर्यंत ते कलम पोहोचते का, हा वकिलांचा प्रश्न. पण त्या बाईलाही गाव आहे, सासर आहे, मुले आहेत. तिचा चेहरा लाखो फोनवर गेल्यावर ती गावात कशी राहणार? जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस गळू लागले तेव्हाही असेच झाले. कॅमेऱ्यांची रांग लागली आणि टक्कल पडलेली माणसे देशभर तमाशा झाली.

दर्ग्यात उपचाराच्या नावाखाली जे चालते त्यावर टीका जरूर व्हावी. रुग्णाला आधी डॉक्टरकडे न्यावे, हे आपण मोहल्ल्यात ठणकावून सांगितले पाहिजे. पण ती टीका करायला तिथे दोन दिवस थांबावे लागते, आलेल्या कुटुंबांशी बोलावे लागते, ते दवाखान्यात का गेले नाहीत हे विचारावे लागते. अर्ध्या तासात ते होत नाही.

आणखी एक गोष्ट कुठल्याच लोकप्रिय ब्लॉगमध्ये नसते. परगावी लॉजच्या काउंटरवर आधार कार्ड पुढे केले की आपल्या काही जणांना अचानक ‘खोली नाही’ असे ऐकायला मिळते. हिजाब घालून एकटी फिरणाऱ्या मुलीला कुठे निर्धास्त वाटेल, नमाजला जागा कुठे मिळेल, जेवणाची सोय कुठे आहे, हे आपण एकमेकांना फोनवर सांगतो, लिहीत नाही. लिहा. रडगाणे म्हणून नको, माहिती म्हणून. ज्या लॉजवाल्याने, ज्या खानावळीच्या मावशींनी नाव न विचारता ताट वाढले, त्यांच्याबद्दल तर आधी लिहा.

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकरमध्ये इंजिनिअरिंग, फार्मसी, बीएड करणाऱ्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे की येत्या सुट्टीत एक ठिकाण निवडा. तिथे दोनदा जा, एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसात. एसटी किती वाजता सुटते, शेवटची परत कधी आहे, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, हे आधी लिहा. मशिदीवरचा शिलालेख वाचता येत नसेल तर स्वच्छ फोटो काढून मदरशातल्या फारसी जाणणाऱ्या मौलानांना दाखवा. मंदिराबद्दल पुजाऱ्याला विचारा, तो सांगतो. माणसाचा चेहरा घेण्याआधी परवानगी घ्या, लहान मूल असेल तर आईची. आकडा टाकण्याआधी दोन ठिकाणी तपासा. एक मजकूर मराठीत, एक उर्दूत, शब्दशः भाषांतर नको. हजार लोकांनी वाचले नाही तरी हरकत नाही.

रोहिणखेड आणि साखरखेर्डा यांच्यापासून सुरुवात करू. मजकूर आणि फोटो संपादक मंडळाकडे पाठवा. ज्यांना सोबत हवी असेल त्यांनी तसे कळवा, पुढच्या महिन्यात मोताळ्याला एक रविवार एकत्र जाता येईल.