राडूची क्लिप दाखवण्याआधी

इओनुत्स राडू हे नाव फुटबॉल पाहणाऱ्या बहुतेकांना माहीत झाले, ते त्याने अडवलेल्या एखाद्या फटक्यामुळे नव्हे. 27 एप्रिल 2022, बोलोन्या. 1-1 अशी बरोबरी, शेवटची दहाएक मिनिटे उरलेली. इव्हान पेरिशिचने थ्रो-इन मागे, आपल्याच गोलरक्षकाकडे टाकला. चोवीस वर्षांच्या राडूने पाय फिरवला, चेंडू धड लागला नाही, गोलकडे घरंगळला आणि बोलोन्याच्या निकोला सान्सोनेने तो आत ढकलला. इंटर मिलान 2-1 हरले. एवढा तुकडा रातोरात जगभर फिरला आणि राडू ‘लीग घालवणारा’ ठरला.

जरा हिशेब मांडून पाहा. मोसमाअखेर इटालियन लीगमध्ये विजेते एसी मिलान 86 गुण, इंटर 84. त्या दिवशीची बरोबरी टिकली असती आणि पुढचे निकाल तेच लागले असते, तरी इंटर 85 वरच थांबले असते. विजेतेपदासाठी बोलोन्यात विजयच हवा होता. आघाडी घेऊन ती गमावणारे बाकीचे दहा जण मात्र क्लिपमध्ये कुठेच नाहीत.

चाहते हसले तर हसोत. तिकिटाचे पैसे त्यांनी मोजलेले असतात. पण आपण प्रशिक्षक. ‘हाताने का नाही उचलला?’ असे क्लिप पाहून विचारणाऱ्यांना हे तरी सांगता यायला हवे, की सहकाऱ्याच्या थ्रो-इनवरून थेट आलेला चेंडू हातात घ्यायला गोलरक्षकाला 1997 पासून मनाई आहे. बॅकपासचा नियम 1992 चा, हा त्याचाच विस्तार. पायाने दिलेला पास जमिनीलगत येतो. हाताने फेकलेला टप्पे खात येतो आणि नेमका मारण्याच्या क्षणी उसळतो. दुसरे असे, की त्या मोसमातला राडूचा हा लीगमधला पहिलाच सामना होता. मुख्य गोलरक्षक समीर हांडानोविच जायबंदी झाला म्हणून तो उभा राहिला. महिनोन् महिने बाकावर बसलेल्या गोलरक्षकाचे हात सरावात तयार राहतात. दबावाखाली चेंडू येताना पायाने काय करायचे हा निर्णय मात्र सामन्यातच मुरतो.

राडूच्याच रोमानियाच्या गोलरक्षक हेल्मुथ डुकाडामने 1986 मध्ये सेव्हियात युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाच्या चारही पेनल्टी अडवल्या होत्या. तेव्हा खिशाखिशात मोबाइल नव्हते. ती रात्र आजच्या मुलांना शोधून पाहावी लागते, राडूची चूक न शोधताही समोर येते. ऑगस्ट 2022 मध्ये क्रेमोनेसेकडून फ्लोरेन्समध्ये खेळताना भरपाई वेळेत त्याच्या हातून चेंडू रेषेपलीकडे गेला, तेव्हा जुनी क्लिप नव्याला जोडायला कुणालाच वेळ लागला नाही. त्यानंतर ओसेर, बोर्नमथ, व्हेनेझिया आणि 2025 मध्ये स्पेनचे सेल्टा व्हिगो असा त्याचा प्रवास झाला. त्यातल्या कशालाही त्या दहा सेकंदांइतके प्रेक्षक लाभले नाहीत.

शिबिरात मुलांना ही क्लिप दाखवायचीच असेल तर थ्रो-इन टाकण्यापूर्वीपासून दाखवा. पेरिशिचला पुढे पर्याय होते का, बचावपटू जागा सोडून देत होते का, गोलरक्षक कोणत्या कोनात उभा होता, हे त्यांनाच विचारा. मग मैदानात उतरून टप्पा खात येणारे थ्रो-इन, मागून धावत येणारा एक प्रतिस्पर्धी आणि हात वापरायला बंदी, असा सराव घ्या. पहिल्या फळीसमोर दुसऱ्या गोलरक्षकाला आठवड्यातून एकदा तरी पूर्ण अर्धा डाव द्या, आणि तोही मुख्य गोलरक्षक धडधाकट असताना.